शून्य येत न्हाई

नारायणमामा पहिल्यांदा माझ्या घरी चहाला आले आणि त्यांनी खिशातून चक्क मोजपात्र काढलं. चहा त्यात ओतला, उजेडात धरला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "सर, डायल्यूट झालाय. ह्यात चाळीस मिली कडक घाला." बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. मी तर गारच पडलो.

मामा आमच्या रामनगरच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबचे अटेंडर. गाव कुंभारवाड्याकडचं, शिक्षण सातवी. पण सौम्य आम्ल करायला तीव्र आम्ल किती घ्यायचं, हे मी कागदावर मांडेपर्यंत मामांनी मोजून ठेवलेलं असायचं. "सी-वन व्ही-वन बराबर सी-टू व्ही-टू. देव बी हेच्या भाईर न्हाई," हे पातळ करायचं सूत्र वर.

त्यांच्या गावात एका लग्नात आमटी खारट झाली. आचाऱ्यानं पाण्याची कळशी उचलली, तेवढ्यात मामा ओरडले, "थांब रे!" त्यांनी आमटी चाखली आणि कोळशानं भिंतीवर आकडेमोड सुरू केली. अख्खी पंगत भात निवत ठेवून भिंतीकडे बघत बसली. "साडेचार तांबे. वर थेंब न्हाई!" आमटी अशी काही जमली, की आचाऱ्यानं तोंडात बोटं घातली.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्या घरी गेलो. मामी वारल्यापासून ते एकटेच राहतात. फडताळातून त्यांनी एक बाटली जपून काढली. "कोकमाचं आगळ. हिच्या हातची शेवटची बाटली." पेल्यात दोन घोट ओतून दिले. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला आंबट रस, कसा लालभडक असतो! हे पाण्यासारखं दिसत होतं. मी घोट घेतला आणि हादरलोच. नुसतं मिठाचं पाणी!

मामा तेवढ्यात बाटलीत मोजून मिठाचं पाणी भरत होते. ओतलं होतं तेवढंच.

"दर सणाला थोडं काढतो, तेवढंच भरतो. सूत्र लावून बघा सर. कमी हुतंय, पर शून्य येत न्हाई."

माझं सगळं रसायनशास्त्र ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात मामा खालच्या आवाजात म्हणाले, "माजी जीभ म्हातारी झाली आता. मला लागत न्हाई. तुमास्नी लागतंय काय?"

मी पेला संपवला.

"आंबट आहे, मामा."

"व्हय?"

त्यांनी पेला माझ्या हातातून घेतला आणि तळाशी उरलेला थेंब बाटलीत परत झटकला.