गच्चीवरचे साठ अंश

त्या मंगळवारी दशांशरावांच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या: विभागप्रमुखाचं पद आणि खिडकीजवळची खोली. तिसरी गोष्ट, ऑफिसची गाडी, त्यांनी मोठ्या मनाने आपणहून सोडली होती. ती कुणी देऊ केली नव्हती, हा भाग वेगळा. सगळं दशांश चिन्हापर्यंत सांगायची खोड, म्हणून ऑफिसने त्यांचं हे नाव पाडलं होतं.

बेत चोख होता. विमान शहरावरून जाणार, त्याच्या पोटातला कॅमेरा छपरांची उष्णता टिपणार आणि चित्र रेडिओवरून थेट ऑफिसच्या उष्णता-मापन केंद्रातल्या पडद्यावर, बढती ठरवणाऱ्या समितीसमोर उतरणार. कुठे साठ अंश ओलांडले, की अग्निशमन दलाला आपोआप निरोप.

कॅमेऱ्याला कमी-जास्त कळतं. नेमकं किती, ते कळायला जमिनीवर एक माहितीतली वस्तू लागते. ती म्हणजे दशांशरावांच्या गच्चीवरचा, खाटेएवढ्या ट्रेमधला गरम पाण्याचा साठा. विमान डोक्यावर आलं की त्या पाण्याचं तापमान मोजायचं, हा नियम. पण तेव्हा तर समितीशेजारी उभं राहायचं होतं! म्हणून त्यांनी आठ वाजताच ‘६०.०’ लिहून टाकलं आणि निघाले.

दहाला विमान आलं. पडद्यावर सगळं शहर लालभडक झालं. लगेच फोन वाजला.

“अग्निशमन केंद्रातून बोलतोय. तुमचा निरोप आलाय, आमच्या इमारतीला आग लागलीय म्हणून.”

“मग विझवा की.”

“साहेब, आम्ही आतच पत्ते खेळतोय.”

तरी नियम तो नियम. दलाच्या जवानांनी आधी स्वतःचं छप्पर भिजवलं, मग शेजारच्या शाळेचं, मग बंब घेऊन दशांशरावांच्या केंद्रावरच आले. खिडकी उघडी होती. समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला.

“या इमारतीचं किती दाखवताय?”

“बहात्तर पूर्णांक चार, बाई.”

“अस्सं. मी बरीच टिकाऊ आहे म्हणायची.”

दशांशरावांनी घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

“त्या पाण्याचं ना? आयतं पडलं होतं, दोन चादरी अन् सहा अभ्रे काढले धुऊन. काळजी नको जावईबापू, तुमचं काम अडू नये म्हणून नळाचं गार पाणी काठोकाठ भरून ठेवलंय.”

गार पाण्याला यंत्र साठ समजलं होतं. बाकी शहराने त्याच मापाने पेट घेतला.

“सासूबाईंनी पाणी बदललं,” दशांशराव समितीला म्हणाले.

ऑफिसात त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईंनी एवढंच विचारलं, “पण तुम्ही मोजलं कधी?”

पद आणि खोली त्या बाईंना गेली.

हिशेब असा लागला: विमानाचं इंधन केंद्राच्या माथी, दोन बंब पाणी नगरपालिकेच्या, इस्त्रीचे कपडे समितीचे. पण आपणच सर्वांत जास्त भरलं, असं संध्याकाळी सासूबाईंचं म्हणणं पडलं.

“पुढच्या वेळी नीट तापवत जा हो. नऊ वाजता कोमट झालं होतं. ते पुन्हा तापवायला माझा अर्धा तास गॅस जळला.”