कीड न लागणारे बोंबील

बासष्ट साली मुंबईच्या कॉलेजातले दिनानाथ मास्तर केसर कोळणीची पडवी भाड्याने घेऊन राहिले, तेव्हा रेवदंड्याच्या कोळीवाड्यात तिचा कोण रुबाब वाढला! गरागरा फिरणारं यंत्र काय, काचेच्या नळकांड्यांत टांगलेल्या कागदाच्या पट्ट्या काय! किड्यांचा अर्क काढायचा, पट्टीवर चढू द्यायचा, म्हणजे अळीला मोठं न होऊ देणारं हार्मोन वेगळं होतं, असं मास्तर सांगायचे. केसर मान डोलवायची. किडे कुठले, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

एका सकाळी मास्तर विहिरीवर गेले असताना झाडताझाडता तिने एका बरणीत डोकावलं. आत सुक्या बोंबलाचे तुकडे, आणि त्यांवर वळवळणाऱ्या केसाळ अळ्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुकी मासळी विकणाऱ्या बाईच्या घरात हा बाबा कीड पाळतो? मग किडक्या बोंबलांचं कुठलीही कोळीण करते तेच तिने केलं. बरणी अंगणात चटईवर, रणरणत्या उन्हात पालथी घातली. चटका बसताच अळ्या चहूकडे पळत सुटल्या, आणि नेमकी तेव्हाच शेजारची मनुबाई, तीही सुकी मासळीच विकणारी, कुंपणाशी आली.

दुपारपर्यंत बातमी बाजारभर झाली. केसरच्या पाटीला कोणी हात लावीना. पावसाळाभर घर चालायचं ते याच पाटीवर, आणि मास्तर मात्र अळ्या गेल्या म्हणून कपाळाला हात लावून बसलेले! केसरने त्यांना तसंच उठवून भर बाजारात उभं केलं.

"सांगा समद्यांना, किडं माझ्या मासळीतलं व्हतं का?"

मास्तर खोटं बोलणाऱ्यातले नव्हते.

"केसरबाईंच्या बोंबलांत एकसुद्धा अळी नाही. मला हवी होती, म्हणून मी खूप शोधली. शेवटी मनुबाईंचे बोंबील विकत आणले. त्यांच्या अळ्या एकदम धष्टपुष्ट!"

सगळा बाजार मनुबाईकडे वळला. केसरचा जीव भांड्यात पडला. आता कळेल मेलीला, असं म्हणून तिने पाटी पुढे सरकवली. पण गिऱ्हाइकांचं भलतंच सुरू झालं. मुंबईचा शिकलेला माणूस हिचे बोंबील शोधून नेतो, यंत्रात घालतो, म्हणजे सत्त्व असणारच! मनुबाईची पाटी भराभरा रिकामी होऊ लागली, आणि ती बया पदर सावरत भाव वाढवू लागली.

केसरने संतापाने पाटी परत आपल्याकडे ओढली. तेवढ्यात म्हातारी सखुबाई तिच्यापुढे बसली. तिने एक बोंबील उलटासुलटा करून पाहिला, वास घेतला आणि परत ठेवला.

"माल साफ हाय गं बाय. पन ज्याला किडा बी शिवत न्हाय, ते मानसानं कसं खायाचं?"