व्याह्यांचा टाय आणि गाडीचा पंखा

चर्च अजून बरंच लांब होतं आणि तापमानाचा काटा लाल पट्टीत शिरला, तेव्हा इल्मो राईहाने घड्याळात पाहिलं. दोन वाजता त्याच्या मुलीचं, हेल्काचं, लग्न होतं. तिचा हात धरून तिला आत न्यायचं होतं. शेजारच्या सीटवर नवऱ्या मुलाचे वडील एन्सिओ कुक्कामाकी बसले होते. व्याह्यांची ही पहिलीच भेट, म्हणून इल्मोने हौसेने त्यांना कुओपिओ स्टेशनवरून आणायचं काम स्वतःकडे घेतलं होतं. स्टेशनपासून इथवर व्याही एकदाच बोलले होते : "गरम आहे."

इल्मोने गाडी तळ्याकाठी थांबवून बॉनेट उघडलं. रेडिएटर फुसफुसत होता आणि त्याच्यामागचा पंखा ढिम्म होता.

"फिरत नाहीये," व्याही म्हणाले.

"फ्यूज गेला असेल, कुक्कामाकीसाहेब. आत्ता फिरेल बघा!"

शेजारच्या खाचेतला फ्यूज काढून पंख्याला लावला, पंखा ढिम्म. हॉर्नला आणि पंख्याला वीज सोडणारे रिले एकसारखेच असतात हे आठवून इल्मोने त्यांची अदलाबदल केली. हॉर्न खणखणीत वाजला, पंखा हलेना. म्हणजे रिलेही धडधाकट.

"मोटरच जळली असेल तुमची," व्याही म्हणाले.

हे इल्मोला झोंबलं. त्याने एक वायर काढून बॅटरीवरून थेट पंख्याला जोडायला घेतली. "या, वाका, डोळ्यांनी बघा!"

व्याही सभ्यपणे वाकले. पंखा घोंघावत सुटला.

"बघितलंत? मोटर ठणठणीत आहे! दोष तिकडच्या वायरीत..."

पंख्याने व्याह्यांचा रेशमी टाय गिळला होता आणि पाठोपाठ व्याहीही आत चालले होते. इल्मोने वायर उपटली, पण गाठ गळ्याशी आवळली गेली होती. व्याह्यांचे डोळे पांढरे झाले. तिकडच्या रिवाजाप्रमाणे लग्नाच्या सुटातही इल्मोच्या कमरेला सुरी होती. त्याने एका हाताने व्याह्यांची मान धरली, दुसऱ्याने सुरी उपसली आणि टाय कापला.

नेमकी त्याच क्षणी एक निळी गाडी शेजारून हळू झाली आणि मग सुसाट निघून गेली. तीत व्याह्यांची बहीण राइली होती. आपल्या भावाची मान पकडून मुलीचा बाप सुरी चालवतोय, एवढंच तिला दिसलं. थांबून विचारलं असतं तर उलगडा झाला असता, पण मग चर्चमध्ये सांगायला काय उरलं असतं?

इकडे टायचा तुकडा मोटरीत असा अडकला होता की पुन्हा वायर लावताच धूर निघाला. रोग वायरीत होता, मेला पंखा.

"आता काय?" व्याह्यांनी गळा चोळत विचारलं.

"आता हीटर," इल्मो खालच्या आवाजात म्हणाला. "इंजिनातली उष्णता आत ओढून घ्यायची."

"आत म्हणजे आपल्या अंगावर?"

"दुसरं कोण आहे गाडीत?"

रेडिएटरमध्ये तळ्याचं पाणी ओतून ते निघाले. बाहेर जुलैचं ऊन, आत हीटरचा भपकारा. इल्मोचा हात खिडकीची काच उघडायच्या बटणाकडे गेला, पण व्याही निवांत बसलेले बघून त्याने तो मागे घेतला. सॉनात, त्या वाफेच्या तापलेल्या खोलीत, सगळ्यात आधी बाकावरून उतरणाऱ्याची काय किंमत राहते, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही कळतं. मुलीच्या बापाने पहिल्याच दिवशी उतरायचं? छे! आधी कोट निघाले, मग शर्ट, मग बूट. दोघेही समोरच्या रस्त्यावर नजर रोखून बसले.

चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या सगळ्या वऱ्हाडाची पाचावर धारण बसली होती. गाडीतून बनियन घातलेले दोन लालबुंद, निथळते म्हातारे उतरले.

"जिवंत आहे!" राइली किंचाळली.

"बाबा, काय केलंत तुम्ही?" हेल्काला रडू फुटलं. "यांचा गळा का कापायला निघालात?"

लग्न मोडलं, असंच इल्मोला वाटलं.

एन्सिओंनी घाम पुसला. "आम्ही दोघांनी सॉना घेतला," ते म्हणाले.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दोन व्याह्यांनी एकत्र सॉना घेतला, म्हणजे दोस्ती झाली, विषय मिटला. पाद्रीबाबा तर आत जाऊन वेदीपाशी उभेही राहिले. राइलीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

लग्न लागल्यावर एन्सिओंनी इल्मोला बाजूला घेऊन हात पुढे केला. "मी एन्सिओ. आजपासून मला तू म्हण."

इल्मोला भरून आलं. "मी इल्मो. अरे, पण काच तरी उघडायचीस!"

"रस्ताभर गुपचूप बटण दाबत होतो! तूच बंद करून ठेवली होतीस ना?"

इल्मो हबकला. पंख्यासाठी काढलेला तो फ्यूज खिडक्यांच्या काचांचा होता, हे त्याला आत्ता आठवलं.

"हो," तो म्हणाला. "म्हटलं, बघूया माणूस कसा आहे."

"वाटलंच मला." एन्सिओने त्याची पाठ थोपटली. "पोराने घर बरोबर निवडलं."