दोन गरम टॉवेल आणि एक युती

पैलवान आणि गुरुजी या दोन पुढाऱ्यांची युती मी अर्ध्या तासात घडवून आणतो, असं तात्यांनी शुक्रवारी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. तात्या म्हणजे चौकातल्या सलूनचे मालक, कारागीर आणि झाडूवालेसुद्धा. बायकोने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, तेवढ्यानेच त्यांची छाती थोडी खाली बसली.

पण करणार काय? दुकानाच्या भिंतीवर लाल रेघ आली होती. नगराध्यक्षांना रस्ता रुंद करायचा होता आणि तात्यांच्या नऊ फूट खोल दुकानातले दारापासूनचे सहा फूट त्यात जाणार होते. उरलेल्या तिनात खुर्ची मावली असती, तात्यांना मात्र रस्त्यात उभं राहून दाढी करावी लागली असती.

वाचायचं तर येत्या निवडणुकीत नगराध्यक्ष पडायला हवे होते. गेल्या खेपेला त्यांच्याविरुद्ध पैलवान आणि गुरुजी दोघंही उभे राहिले. दोघांची मतं मिळून जास्त भरली आणि निवडून आले नगराध्यक्ष! एवढी साधी बेरीज दोन पक्षांना कळत नाही आणि कात्री चालवणाऱ्याला कळते, याचं तात्यांना राहून राहून नवल वाटे. दोघंही दाढीला त्यांच्याकडेच येत, फक्त एका वेळी कधीच नाही.

तात्यांनी दोघांनाही शनिवारी दहाची वेळ दिली. पैलवान जरा आधी आले. कार्यकर्ते चहाला पांगले आणि पैलवानांच्या तोंडावर गरम टॉवेल पडला. मग गुरुजी आले. शेजारी टॉवेलखाली कोण आहे हे कळायच्या आत त्यांच्याही तोंडावर टॉवेल पडला. मागच्याच आठवड्यात पैलवान म्हणाले होते, गुरुजी माणूस सरळ. तेच पुन्हा वदवून गुरुजींच्या कानावर घालायचं, एवढाच तात्यांचा बेत होता. त्यांनी पैलवानांचा टॉवेल काढला, मिशीच्या कडेला वस्तरा टेकवला आणि सहज म्हणून विचारलं.

"गुरुजी? सरळ माणूस," पैलवान म्हणाले. "म्हणून तर पडतो. त्याला घरचेसुद्धा मत देत नाहीत."

शेजारचा टॉवेल ताडकन उठून बसला. पैलवान दचकले, तात्या त्यांच्याहून जास्त दचकले आणि वस्तरा पुढे गेला. फलकाफलकावर झळकणारी ती मिशी, तिची उजवी बाजू पांढऱ्या कापडावर येऊन पडली.

तेवढ्यात चहाच्या टपरीवर गाठ पडलेले दोन्हीकडचे कार्यकर्ते भांडतच दाराकडे येताना दिसले. तात्यांनी घाईघाईने शटर खाली ओढलं. ओढल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण आतच आहोत.

पैलवान आरशात बघत सावकाश उठले. आता आपली खैर नाही म्हणून तात्यांनी डोळे मिटले. काहीच झालं नाही, तेव्हा एक डोळा उघडला. गुरुजी शांतपणे टॉवेलने तोंड पुसत होते.

"हे बाहेर दिसायला नको ना, पैलवान?"

"नको," पैलवान पुटपुटले.

"मग बसा. बोलू."

बाहेरून शटरवर थापा पडत होत्या आणि दर थापेला तात्यांचा जीव खालीवर होत होता. आत मात्र दहा वर्षांचं भांडण वीस मिनिटांत मिटलं. अध्यक्षपद गुरुजींना, उपाध्यक्षपद पैलवानांना. उरलेली मिशी सर्वानुमते काढण्यात आली. नगराध्यक्ष पडेपर्यंत मिशी ठेवणार नाही अशी प्रतिज्ञा केलीय, असं लोकांना सांगायचं ठरलं. तात्यांना तर रडूच यायचं बाकी होतं. वाचलं दुकान!

"आता एक कलम हवं," गुरुजी म्हणाले. "लोकांना डोळ्यांनी दिसेल असं काम."

"रस्ता," पैलवान म्हणाले. "ते सहा फूट घेतायत ना? आपण दहा घेऊ."

गुरुजींनी लगेच मान डोलावली. हातातला वस्तरा तात्यांनी मिटून ठेवला. त्यांनी शटर वर केलं. हातात हात घालून दोघं बाहेर पडले आणि चौकात जयजयकार झाला.

तो ऐकून बायको धावत आली. तात्या टेप घेऊन जमिनीवर बसले होते.

"झाली युती?"

"झाली," तात्या म्हणाले. "आपलं दुकान नऊच फूट भरतंय गं. दहावा फूट ते कुठून घेणार?"