पास्टरच्या ताटातले भुंगेरे

काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, सरकारी माणसांशी कसं बोलायचं हे मला कुणी शिकवू नये! मार्चच्या बैठकीत मी भर सभेत उभी राहिले आणि बोट नाचवत सांगितलं, "स्पर्ज तुमच्या रस्त्यांच्या कडेला आहे. तुमच्या पुलांखाली आहे. आमची कुरणं तुम्ही खराब करताय! माझ्या जमिनीत त्याची एक काडी दाखवा, ती मी इथंच उभी राहून चावून खाईन!"

टाळ्या पडल्या. आर्डिस न्यूगार्डला, म्हणजे मला, टाळ्या पडतातच. नॉर्थ डकोटाच्या या कोपऱ्यात खरं बोलणारी माणसं थोडी, आणि मोठ्यानं बोलणारी त्याहून थोडी.

ज्यांना स्पर्ज माहीत नाही ती माणसं सुखी. पिवळ्या फुलांचं, दिसायला गोजिरवाणं तण. तोडलं की पांढरा चीक, चीक लागला की फोड! गाय त्याला तोंड लावत नाही आणि मुळं पाताळात. कुंपण, हद्द, कायदा, त्याला कशाचंच काही नाही. म्हणून काउंटीचा नियम असा की रस्त्याकडेचं तण काउंटीनं मारायचं आणि आपल्या जमिनीतलं आपण. आपण नाही मारलं तर काउंटी येऊन मारते.

आणि जूनमध्ये ते माझ्या ओढ्याकाठी निघालं. निघालं म्हणजे काय, ओढ्यापासून थेट प्लमच्या झाडांपर्यंत पिवळी सतरंजी!

त्या झाडांबद्दल सांगते. ऑर्विल, म्हणजे माझा नवरा, याला प्रेमाचं बोलता येत नाही. लग्नाच्या वर्षी यानं एक शब्द न बोलता ओढ्याकाठी प्लमची रांग लावली आणि घरात येऊन म्हणाला, "जेवायला काय आहे?" तेवढंच. चाळीस वर्षांचा संसार त्या रांगेवर चाललाय.

गुरुवारी काउंटीचा तण-अधिकारी डेलमार आला. कुंपणाच्या खांबासारखा सरळ आणि खांबाइतकाच बोलका. त्यानं ओढ्याकडं पाहिलं, टोपी काढली, परत घातली.

"आर्डिसबाई, सोमवारी फवारणीची गाडी या भागात येतेय."

"माझ्या प्लमजवळ तुझी गाडी आली तर चाकं काढून ठेवीन!"

"तेच सांगतोय. ते औषध जमिनीतून मुळांना लागतं. झाडं वाचतील असं मी म्हणू शकत नाही." मग त्यानं गाडीतल्या बर्फाच्या पेटीतून एक गोल पांढरा कागदी डबा काढला. "हे भुंगेरे. फक्त स्पर्जच खातात, दुसऱ्या कशाला शिवत नाहीत. सोमवारच्या आत सोडा, मी ओढ्याचा पट्टा फवारणीतून वगळतो. पण यंदा दर माणशी एकच डबा. हा सांडला तर माझ्याकडं दुसरा नाही."

मी डबा घेतला आणि दबक्या आवाजात म्हटलं, "हे कुणाला कळता कामा नये."

डेलमार म्हणाला, "मला कुणी काही विचारतच नाही हो."

भुंगेरे उन्हात सोडायचे असतात. शुक्रवारी पाऊस, शनिवारी पाऊस! म्हणून डबा फ्रिजमध्ये. गारठ्यात ते झोपून राहतात. रविवारी ऊन पडणार होतं. चर्चमधून आलं की सोडायचे, असा माझा बेत. बिनचूक!

त्याच रविवारी चर्चच्या तळघरात नव्या पास्टरच्या स्वागताचं जेवण होतं. पास्टर होल्टे, मिनीआपोलिसहून आलेला, कोवळा, सगळ्याला "वा, छान!" म्हणणारा. प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा. मी कॉफीची जबाबदारी घेतली होती म्हणून लवकर निघाले आणि ऑर्विलला बजावलं, "फ्रिजमधला पांढरा डबा घेऊन ये. काकडीची कोशिंबीर आहे."

आता फ्रिजमध्ये पांढरे डबे दोन आहेत हे मला ठाऊक होतं. ऑर्विलला नव्हतं. त्याला पहिला दिसला तो त्यानं उचलला. हा माणूस बायकोसुद्धा अशीच निवडून बसलाय!

वाढायला हिल्डर आजी. वय नव्वद, चष्मा घरी. तिनं डब्याचं झाकण काढलं. आत हिरवी पानं आणि काळे बारीक दाणे.

"अगं बाई, रानतांदळाची कोशिंबीर! आर्डिसचा हात सुधारला म्हणायचा," असं म्हणून तिनं चांगला डावभर उचलला आणि पास्टरच्या बटाट्यांवर घातला.

मी कॉफीच्या भांड्यापाशी उभी. मला फक्त पास्टरचा आवाज ऐकू आला, "वा, छान दिसतंय!"

तळघरात माणसं सत्तर, चूल पेटलेली. भुंगेऱ्यांना जाग आली. पास्टरनं काटा जवळ नेला आणि कोशिंबिरीनं उडी मारली! एक दाणा बशीत, एक चष्म्यावर, मग सगळंच ताट मक्याच्या लाह्यांसारखं तडतडायला लागलं. पास्टर बिचारा काटा तसाच धरून म्हणाला, "हे... इकडचं खास आहे का?"

"पिसवा!" बर्निस किंचाळली. बर्निस म्हणजे काउंटी सभापतीची बायको. फायर इंजिनाचा भोंगा बिघडला तर हिला लावतील. "पिसवा! पिसवा! पोरांना वर न्या!"

खुर्च्या पडल्या. जेलीचा मोठा थरथरता डोंगर टेबलावरून घसरला आणि ऑर्विलच्या मांडीवर जाऊन बसला. तोवर बर्निसनं स्वयंपाकघरातून कीटकनाशकाची फवारी आणली होती!

माझ्या डोळ्यांपुढं प्लमची रांग उभी राहिली. मी कॉफीचं भांडं टाकलं आणि तिच्या आडवी गेले.

"खबरदार फवारशील तर!"

"आर्डिस, बाजूला हो! पिसवा आहेत!"

"पिसवा नाहीत! माझे आहेत!"

बर्निस दोन पावलं मागं सरली. "तुझे? म्हणजे तुझ्या अंगावरचे?"

"अंगावरचे नाही गं, फ्रिजमधले!"

हे ऐकून लोक आणखी मागं सरले. टेबलाच्या टोकाला डेलमार बसला होता. मी त्याच्याकडं पाहिलं. तो आपल्या बशीकडं बघत होता. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांत खुलासा झाला असता. पण मला दिलेला शब्द तो पाळत बसला होता, आणि कान लालभडक. मेला, एवढा सज्जन सरकारी नोकर मी जन्मात पाहिला नव्हता! फवारीवर बर्निसचं बोट. एक भुंगेरा तिच्या टोपीवर.

"माझ्या ओढ्याकाठी स्पर्ज आहे!" मी ओरडले. "भरपूर आहे! हे त्याचे भुंगेरे आहेत. आज सोडले नाहीत तर उद्या फवारणी होईल आणि ऑर्विलची प्लमं मरतील! आता हसा!"

कुणी हसलं नाही. मग भिंतीकडून म्हातारा टोरवाल्ड शांतपणे म्हणाला, "ते तर गेल्या उन्हाळ्यापासून महामार्गावरून दिसतं गं. बसमधली माणसं फोटो काढतात."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच. मार्चमध्ये टाळ्या कशासाठी वाजवल्या वाटलं तुला? ते असू दे, काडी कधी चावतेस?"

मग मात्र सगळे हसले. आणि हसता हसता ती माणसं गुडघ्यांवर बसली! मी ज्यांना बैठकीत बैल म्हटलं होतं, चोर म्हटलं होतं, ती माणसं. रविवारचे कपडे घालून. डेलमारला अखेर कंठ फुटला, "दिवे घालवा. पूर्वेची एक खिडकी सोडून बाकीचे पडदे ओढा. ते उजेडाकडं जातील." पडदे ओढले गेले. उजेडाच्या पट्ट्यात भुंगेरे गोळा व्हायला लागले आणि अख्खी मंडळी कॉफीचे कप घेऊन खिडकीशी रांगायला लागली.

"इकडं एक आहे!"

"ती मनुका आहे, हिल्डर!"

"मनुका उडी मारत नाही रे!"

सभापती स्वतः, एवढं पोट घेऊन, पियानोखाली शिरले. त्यांना बाहेर ओढायला तिघं लागले, पण त्यांच्या मुठीत चार भुंगेरे होते. बर्निसनं टोपी काढली आणि ती हलू न देता, जणू काचेची आहे अशी, माझ्यापाशी आणली. "घे. आणि काल रात्री आंघोळ केली होती मी, पिसवा माझ्या नव्हत्याच."

"कुणी म्हटलं तुझ्या?"

"नाही, सांगून ठेवते."

डबा पुन्हा भरला. पहिल्याइतका नाही, पण डेलमारनं आत डोकावून मान हलवली. "पुरतील."

दुपारी ओढ्याकाठी सतरा गाड्या उभ्या होत्या. ऑर्विलनं डबा उघडून स्पर्जवर उपडा केला. पँटवर जेली वाळलेली. भुंगेरे पानांवर चढले आणि खायला लागले. ऑर्विल बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "जेवायला काय आहे?" मी तोंड फिरवलं. ऊन डोळ्यांत गेलं होतं.

सोमवारी फवारणीची गाडी ओढा टाळून पुढं गेली. मी डेलमारला फाटकाशी गाठलं. आभार मानायचे होते. सरकारी माणसाचे आभार कसे मानतात हे मला माहीत नाही. जीभ तिकडं वळतच नाही. शेवटी ओरडलेच, "आभारी आहे तुझी! ऐकू आलं का?" तो दचकून गाडीत बसला.

त्या सगळ्या माणसांचं देवानं भलं करावं. बैलांचं, चोरांचं, बर्निसचंसुद्धा.

पुढच्या रविवारी पास्टर होल्टे आशीर्वादासाठी हात वर करून उभे होते आणि पहिल्या बाकावरून एक चुकार भुंगेरा टुणकन उडून त्यांच्या बाहीवर बसला. कुणी हात उचलला नाही. पास्टरनी अलगद त्याला मुठीत घेतलं, एका उघड्या आणि एका बंद हातानं आम्हाला आशीर्वाद दिला, "आमेन" म्हणाले, आणि मूठ न उघडता मागच्या दारानं थेट दफनभूमीकडं चालू लागले.

मी खिडकीतून वाकून पाहिलं. कबरींमध्ये पिवळंधमक फुललेलं!

देवाच्या घरचं काम म्हणून मी गप्प बसले. पण तो भुंगेरा माझा होता.