बोईसरमधली शांत जागा

बोईसरच्या एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात अंकुशचा क्युबिट पुन्हा सगळं विसरला. क्युबिट म्हणजे नखाएवढ्या चिपवरचं अतिवाहक सर्किट. भयंकर थंड पिंपात ते लटकवायचं आणि त्याने शून्य व एक दोन्ही एकदम धरून ठेवायचं, एवढंच काम. पण जरा कंप आला, चुंबकीय क्षेत्र हललं, की ते सगळं सोडून द्यायचं. शुक्रवारी कंपनीच्या हेमाली मॅडम येऊन लॅब चालू ठेवायची की नाही ते ठरवणार होत्या.

"सर, शेजारचा प्रेस," स्क्रीनकडे बघत त्याची सहकारी स्नेहा म्हणाली. "ठोका पडला की रेघ हलते."

पत्रे ठोकणाऱ्या कमलाकांतभाऊंकडे अंकुश खालमानेने गेला. "शुक्रवारी दुपारी प्रेस बंद ठेवाल?"

"कुणी गेलं काय?"

"नाही. आमची चिप बिघडते."

"आमी दुपारी हितंच झोपतो. आमाला तर काय होत नाय."

तरी ते बिचारे कबूल झाले. प्रेस थांबवून पाहिला, पण रेघ हलतच राहिली. मग संशय दमयंतीबाईंच्या कँटीनमधल्या मिक्सरवर गेला, मग गल्लीतून लोखंड वाहणाऱ्या टेंपोंवर, शेवटी लॅबच्या ट्यूबलाइटवर.

शुक्रवारी दमयंतीबाई चटणी पाट्यावर वाटत होत्या. टेंपो नाक्यावर अडवलेले. प्रेसचे कामगार झाडाखाली हात बांधून, हळू आवाजात बोलत उभे होते. वाटेने जाणाऱ्या एकाने चपला काढून विचारलं, "किती वाजता नेणार?"

मॅडम आल्या. अंधाऱ्या लॅबमध्ये मोजमाप झालं. क्युबिट तसाच विसराळू.

"हे बाहेरचं नाही," मॅडम म्हणाल्या. "धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यातच बारीक दोष आहेत. ते आतल्या आत हलत राहतात. ही चिप टाकून द्या."

"म्हणजे प्रेसमुळे नव्हतं?"

"थोडं असेल. पण मूळ दुखणं आतलंच."

अंकुश खुर्चीत बसला. त्याने अख्खी गल्ली गप्प केली होती, आणि दोष त्याच्याच पिंपात होता. आता लॅबला टाळं लागणार, हे उघडच होतं.

मॅडम मात्र दारात उभ्या राहून बराच वेळ कान देत होत्या.

"एमआयडीसीत इतकी शांतता मी कुठेच पाहिली नाही," त्या म्हणाल्या. "लॅब बंद नाही करायची. उलट आपलं सगळ्यात मोठं मशीन इथेच आणू. जागा अशीच शांत ठेवायची जबाबदारी तुमची."

अंकुश काही बोलायच्या आत गाडी निघूनही गेली. कमलाकांतभाऊ दाराशी आले.

"झालं ना साहेब? नोकरी वाचली?"

"वाचली," अंकुश पडलेल्या आवाजात म्हणाला. "कमलाकांतभाऊ, तुम्ही रिटायर कधी होणार?"

"मी? आता कुठं धंद्याला जोर आलाय. पुढच्या महिन्यात आणखी दोन प्रेस येतायत."