पोहे रेकॉर्डनंतर

मुलगी पाहायला आलेल्यांना आधी पाणी देतात, मग पोहे येतात, मग मुलगी. दामूभाऊ ढोमण्यांच्या घरी पाण्यानंतर रेकॉर्ड लागायची. तीही अमेरिकेची. ढोल, गिटारी आणि घसा फाडून ओरडणारा एक माणूस. अख्खी एक बाजू संपल्याशिवाय स्वयंपाकघरातून पोह्यांची बशी हलायची नाही. पाहुणे एकमेकांकडे बघत, दामूभाऊ पाहुण्यांकडे बघत.

मी त्यांच्या शेजारी राहायचो. प्रताप नगर तेव्हा नुकतं वसत होतं, घरं विरळ होती, त्यामुळे तो ओरडणारा माणूस थेट माझ्या ताटात येऊन पडायचा. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मीच. दारावरच्या पाटीवर नावापेक्षा पदवी मोठी रंगवून घेतली होती आणि त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. दामूभाऊ मला नावाने हाक मारतच नसत. "ओ बी.ए.!" एवढंच.

ते हिंगण्याच्या कारखान्यात फिटर होते. एकदा सुटीच्या दिवशी सदरमधल्या जुन्या सामानाच्या दुकानात पंख्याचं पातं शोधायला गेले, तिथे ढिगात ही रेकॉर्ड सापडली. कव्हरवर पाच दाढीवाले आणि त्यांच्यामागे फुटलेल्या कापसाचं वावर. दामूभाऊंचे भाऊ अजून आर्वीकडे कापूसच करत होते. त्यांना वाटलं, ही कुठल्यातरी कापूसवाल्या गावची भजनी मंडळी! पातं राहिलं आणि रेकॉर्ड घरी आली. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाने दिलेला प्लेअर होता, त्यावर ती लावली, आणि पहिल्याच आरोळीला वहिनींच्या हातून दुधाचं पातेलं निसटलं.

"भजन नाही हे कळलं, तर परत का नाही केलीत?" मी विचारलं.

"काहून करू? वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्याले हाका मारणाऱ्या माणसाचा घसा हाय तो. घसा पाहा गा, घसा!"

मग एके दिवशी मला समोर बसवून म्हणाले, "तुमी बी.ए. ना? सांगा, काय म्हणून रायला तो."

मी कान लावला. आम्हाला कॉलेजात शिकवलेलं इंग्रजी शेवटच्या अक्षरापर्यंत उच्चारलेलं असायचं. हा गृहस्थ अर्धा शब्द गिळायचा आणि उरलेला अर्धा ताणायचा. गाणं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हेच कळेना. मध्येच सगळे एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यासारखे वाजवायचे, आणि भांडण आता हातघाईवर येणार असं वाटेपर्यंत कुठूनतरी सूर सापडायचा. मी घामाघूम झालो.

"आई आहे," मी म्हणालो. "नदी आहे. आणि बहुतेक कुत्रा."

"मंग बराबर हाय. खेड्यावरचाच माणूस हाय तो."

पदवीची लाज राखायची म्हणून मी कव्हर काखोटीला मारून सदरमधल्या रेकॉर्डच्या मोठ्या दुकानात गेलो. मालकाने ते उलटंपालटं करून पाहिलं. "भाईसाब, ये तो उधर भी नहीं चला."

दामूभाऊंना हे सांगितलं तर माणूस चक्क दुखावला. "तिथंबी कोणी विचारलं नाई? येवढा जीव तोडून गायला बिचारा, अन् पूर्ण ऐकलंच नाई कोणी?" त्या दिवसापासून रेकॉर्ड दुप्पट वाजू लागली. आणि सगळ्यात गोंधळाची गोष्ट म्हणजे, दाढी करताना मीच तिसरं गाणं गुणगुणायला लागलो. शब्द माहीत नसताना!

पण गंमत तिथपर्यंतच होती. त्यांची सुनंदा लग्नाची होती. पोरगी हुशार, शिवणकामात तरबेज, पण बोलताना अडखळायची. शब्द ओठांवर यायचा आणि तिथेच अडायचा. त्यात हे रेकॉर्डचं खूळ. अमरावतीचे पाहुणे दुसऱ्या गाण्यालाच उठले. वर्ध्याच्या मुलाच्या मामांनी हात जोडले, "बंद करा बाप्पा हे!" दामूभाऊंनी शांतपणे सुई उचलली आणि त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या.

वहिनी माझ्याकडे आल्या. "भाऊजी, समजवा ना त्याइले. पोरगी घरात बसवून ठेवतीन हे."

मी गेलो आणि त्यांना चांगलंच खडसावलं. दामूभाऊ कव्हरवरची धूळ पुसत होते.

"रेकॉर्ड नव्हती तवाचं ठाव हाय तुमाले?" ते म्हणाले. "पहिलं पोट्टं आलं होतं. त्यानं नाव विचारलं. हे 'सु, सु' करून रायली, अन् त्यानं हसून स्वतःच नाव पुरं केलं. मंग काय तं घड्याळ पाह्यलं. आता मले सांगा, न समजणारी गोष्ट संपेपर्यंत ज्याले बसवत नाई, तो माह्या पोरीचं बोलणं संपू देईन?"

मी रुमाल काढला आणि कव्हरची मागची बाजू पुसायला घेतली.

पुढचं स्थळ काटोलचं. मुलगा शाळामास्तर, सोबत त्याची आई. मध्यस्थ म्हणून मीही बसलो होतो. पाणी झालं, रेकॉर्ड लागली. आईने पदर कानावर ओढून घेतला. मुलगा आधी दचकला, मग त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहत बसून राहिला. बाजू संपली.

"कसं वाटलं?" दामूभाऊंनी विचारलं.

"काहीच नाही समजलं," मुलगा म्हणाला. "पण मधातून उठणं बरं नाही दिसत."

पोहे आले, मागून सुनंदा. त्याने नाव विचारलं. ती अडली. आतून वहिनी सवयीने नाव सांगू लागल्या, तर दामूभाऊंनी हात वर करून थांबवलं. खोलीत बराच वेळ नुसता तो एक 'सु' होता. मग ती म्हणाली, "सुनंदा दामोदर ढोमणे." आणि कोणी विचारलं नसताना, तसंच थांबत थांबत, पुढे म्हणाली, "प... पोह्यात मीठ ज... जास्त झालं काय?"

"थोडंसं," मुलगा म्हणाला.

पाहुणे होकार देऊन गेले. मी निघालो तर दामूभाऊंनी फाटकाशी माझा दंड धरला.

"बी.ए., एक सांगा. ते अडली, तवा पोट्ट्याचं तोंड कसं होतं?"

"तुम्ही तर समोरच होता."

"डोये मिटले होते गा मी."

मी सांगितलं की तो तिच्याकडे पाहत होता.

"हसला नाई?"

"नाही."

"घड्याळ?"

"नाही हो दामूभाऊ. वाट पाहत होता नुसता."

ते मान हलवत पायरीवर बसले. मग मलाही हाताने खाली बसवलं आणि म्हणाले, "सांगा बरं अखीन एक डाव. पयल्यापासून."